टेपखाली चार बोटं

"तुमची वाढ सातव्या महिन्यातच थांबली होती," असं डॉक्टर मगदूम म्हणाल्या, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की बरं झालं, निदान बसायला खुर्ची तरी मिळाली. मिरजेच्या त्या दवाखान्यात मी सकाळी नऊपासून उभी होते. बावीस महिने कातडीवर चिकटवायच्या पट्ट्या, सकाळ-संध्याकाळ गोळी, रक्ताच्या नळ्या, दर सोमवारचं माप. त्यातले पंधरा महिने फुकट. रडू यायला हवं होतं, पण माणूस एका मर्यादेपलीकडे थकला की त्याला रडण्याचाही कंटाळा येतो.

डॉक्टरांनी पडदा माझ्याकडे वळवला. एक रेघ होती. ती सुरुवातीला बऱ्यापैकी चढली, मग एका आठवड्यात धाडकन खाली आली आणि नंतर मुंगीच्या पायांनी थोडीशी वर सरकली.

"ही पहिली चढण म्हणजे सूज असावी, असं मशीनचं म्हणणं आहे. सूज उतरली. नंतरचं आहे ते वजनाचं. तुमचं चार किलो वाढलंय ना?"

"हो. म्हणजे बंद?"

"बंद." त्या चष्मा काढून डोळे चोळत म्हणाल्या. बाहेर अजून तीस-पस्तीस जणी ताटकळत होत्या. "पण एक चांगली गोष्ट आहे, कुमुद. ज्यांची वाढ बंद झाली त्यांनाच जाळी मिळते. तुमचा नंबर लागलाय. येत्या शनिवारनंतरचा शनिवार. उद्या संध्याकाळी पाचपर्यंत फोनवरून होकार कळवा."

ही जाळी काय, आणि बंद काय झालं, ते सांगायला हवं.

स्त्री असो की पुरुष, प्रत्येकाच्या स्तनाग्राखाली वाटाण्याएवढा एक अंकुर असतो. मुलगी वयात आली की इस्ट्रोजेन नावाचं संप्रेरक त्या अंकुराला जागं करतं. त्याला नळ्यांच्या फांद्या फुटतात, फांद्यांभोवती चरबी धरते, पाच पायऱ्या चढून वाढ पुरी होते. मुलग्यांमध्ये तोच अंकुर झोपून राहतो, मरत मात्र नाही. म्हणून माझ्यासारख्या ट्रान्स बाईनं वयाच्या तिसाव्या वर्षी इस्ट्रोजेन घेतलं, तरी तो उठतो. आधी दुखतो, इतका की कुशीवर झोपता येत नाही, आणि मग फांद्या फुटायला लागतात. अडचण पुढे असते. बहुतेकींची वाढ पहिल्या सहा-आठ महिन्यांत भराभर होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर रेंगाळते. कुणाची तिथेच थांबते, कुणाची चार वर्षं हळूहळू चालू राहते. कोणाचं काय होणार, हे पूर्वी कुणालाच सांगता यायचं नाही.

मग त्या अंकुराचं घड्याळ सापडलं. त्याच्या पेशी झडतात तेव्हा त्यांच्या डीएनएचे तुकडे रक्तात येतात, आणि त्या तुकड्यांवरच्या खुणांवरून पेशी अजून वाढायच्या बेतात आहेत की नाही ते वाचता येतं. घड्याळ चालू असेल तर औषध चालू ठेवायचं आणि धीर धरायचा. बंद असेल तर सरकारी योजनेतून जाळी. विरघळणाऱ्या धाग्यांची ही जाळी आपल्याच चरबीच्या पेशी भरून आत बसवतात. सहा महिन्यांत धागे विरघळतात, उरतं ते आपलंच मांस. पण जाळी बसवताना तो अंकुर दबतो आणि मग त्याची स्वतःची वाढ कायमची संपते. म्हणून घड्याळ बंद झाल्याशिवाय कुणाला ती देत नाहीत.

तिघींमधल्या एकीच्या रक्तातल्या खुणा धड इकडे नसतात, धड तिकडे नसतात. मी त्यातली. अशा वेळी निकाल टेपवर सोडतात. योजनेनं आम्हाला एकेक कापडी टेप दिली होती. तिच्यात धातूचा बारीक धागा होता, आकडा आपोआप दवाखान्यात जायचा. दर सोमवारी अंघोळीनंतर दोन मापं घ्यायची, एक छातीचं आणि एक छातीच्या खालचं. दोन्हींतला फरक म्हणजे वाढ. माप दवाखान्यात का घेत नाहीत, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. तिथे दर वेळी नर्स वेगळी, तिचा हात वेगळा. घरी एकच टेप, एकच वेळ, एकच हात. एक हात दर वेळी सारखीच चूक करतो, म्हणून फरक बरोबर येतो, असा त्यांचा हिशेब होता. मला तो पटला. माझा तर धंदाच मापाचा.

आमचं दुकान मिरजेपासून बसनं तासाभरावर, आमच्या गावात किल्ल्याच्या रस्त्याला आहे आणि मागेच घर. 'बगाडे टेलर्स, जेंट्स व लेडीज.' जेंट्स म्हणजे आबा, माझे वडील. लेडीज म्हणजे आई. शर्ट-पँट मी आबांच्या हाताखाली शिकले. ब्लाउज मला कुणी शिकवला नाही. आई शिवायची आणि मी काजं-बटणं करत तिच्या हाताकडे बघायचे. सहा वर्षांपूर्वी आई गेली आणि तिची गिऱ्हाइकं माझ्याकडे आली, अगदी मी 'कुमुद' व्हायच्या आधीपासून. नाव मीच निवडलं. "ठेवायचंच होतं तर जरा ताजं ठेवायचं की गं, हे आजीचं नाव झालं," असं माझी मैत्रीण रेवती अजून चिडवते.

चार वर्षांपूर्वी मी आबांना सगळं सांगितलं. त्यांनी कात्री खाली ठेवली, ऐकून घेतलं, आणि म्हणाले, "पाटलांचे दोन शर्ट आज द्यायचेत." एवढंच. भांडण नाही, घराबाहेर काढणं नाही. पण त्या दिवसापासून त्यांनी मला नावानं हाक मारलेली नाही. जुन्या नावानं नाही की नव्या नावानं नाही. 'मास्तर' म्हणतात. "मास्तर, चहा टाकायचा का?" सोमवारी मी पडद्याआड टेप घेऊन गेले की ते बाहेर पायरीवर जाऊन बसतात. लोकांना वाटतं, नशीब, बाप चांगला आहे. आहेच. पण चार वर्षं 'मास्तर' ऐकून माझा जीव किती शिणलाय ते मलाच माहीत.

दवाखान्यातून निघतानाच मी रेवतीला फोन लावला. ती जयसिंगपूरला असते. तिला गेल्या वर्षी जाळी बसवली.

"घे बाई," ती म्हणाली. "दोन वर्षं थांबून तुला काय मिळालं? मी बघ, आता आरशासमोरनं जाते आणि लक्षसुद्धा जात नाही माझं. सुख म्हणजे हेच की, लक्ष न जाणं."

"दुखलं का?"

"लई दुखलं. पण ते दुखणं संपतं तरी. हे तुझं संपतंय का कधी?"

मला तिचं पटलं. संपवणं, एवढंच हवं होतं मला. दर सोमवारी आकड्याकडे बघून आठवडाभर त्याच्यावर जगायचं, हे एकदाचं संपायला हवं होतं.

दवाखान्यानं दिलेल्या यादीत होतं, 'पुढून उघडणारा सैल ब्लाउज आणणे.' दुकानात आल्यावर मी माझा मोरपंखी ब्लाउज काढला. गेल्या वर्षी चुलतबहिणीच्या लग्नाला शिवला होता, औषध सुरू करून दहावा महिना होता तेव्हा. त्यावरून बेतून नवा सैल शिवावा म्हणून आधी पडद्यामागे जाऊन घालून बघितला. वरचे दोन हुक लागेनात.

"हा पण गेला," मी बाहेर येऊन ब्लाउज टेबलावर टाकला. "आटलाय."

आबांची नजर आता अधू झालीय, पण बोटांना सगळं दिसतं. त्यांनी ब्लाउज उलटा केला आणि अस्तर चिमटीत धरलं.

"अस्तर भिजवून घेतलेलं न्हवतं व्हय?"

"घेतलं होतं की."

"मग आटंल कसं? हुक कुठला लागंना?"

"वरचे दोन."

"आणि खालचा?"

"खालचा बसतोय व्यवस्थित."

त्यांनी ब्लाउज सुलटा केला. वरच्या दोन हुकांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "कापड आटलं असतं तर खालनं पण आटलं असतं. माणूस जाड झालं तर आधी खालनं धरतं. हे दोन्ही न्हाई." आणि माझ्याकडे न बघता, "दवाखान्यात काय म्हणाले?"

चार वर्षांत पहिल्यांदाच विचारत होते. मी सांगितलं. रेघ, सूज, सातवा महिना, शनिवार. सांगताना आवाज चिडका झाला माझा. ह्यांनी आजच विचारावं, सगळं ठरल्यावर, याचा मला राग आला होता.

आबा उठले. हात थोडे फाकवून माझ्यासमोर उभे राहिले. "माझी छाती घे."

"आता कशाला?"

"घे म्हणतोय न्हवं."

मी गळ्यातली टेप काढून त्यांच्या छातीभोवती घेतली. सवयीनं चार बोटं टेपखाली गेली. शर्टाचं माप असंच घेतात, पुरुषाला श्वास घ्यायला, हात उचलायला ऐस, म्हणजे सैल जागा, लागते. लहानपणी चार बोटं विसरले की आबा पट्टी मारायचे.

"आता त्येची." त्यांनी आईच्या पुतळ्याकडे बोट केलं. ब्लाउज चढवून बघायला आईनं आणलेला तो कापडी पुतळा. मी माप घेतलं. टेप सपाट, अंगाला चिकटून, खाली एकही बोट नाही. ब्लाउजला ऐस नसते.

"आता जाऊन स्वतःचं. आणि ओरडून सांग, मी लिहितो."

आमच्या दुकानाची ही जुनी रीत. माप घेणारा ओरडतो, दुसरा वहीत लिहितो. मी पडद्यामागे गेले. "छाती छत्तीस!" मी ओरडले.

"बोटं किती?" आबांनी विचारलं.

मी खाली बघितलं. टेप सपाट होती.

मग मला कळलं. औषध सुरू केलं तेव्हा मी स्वतःचं माप कसं घेत होते? तीस वर्षं या छातीचं माप एकाच पद्धतीनं घेतलं गेलं होतं, शर्टासाठी, चार बोटं घालून. मीही तसंच घेत होते, विचारसुद्धा न करता. आणि नंतर कधीतरी माझ्या हातानं बोटं काढून घेतली होती. फोनवर जुने आकडे काढले. सातव्या महिन्यातला एक सोमवार, साडेछत्तीस. पुढचा सोमवार, पस्तीस. बरोबर दीड इंचाची घट, टेपखालच्या चार बोटांएवढी. ती घट बघून त्या आठवड्यात मी जेवले नव्हते, हे मला चांगलं आठवतं.

"पण मग खालचं माप?" मी बाहेर येऊन विचारलं. "ते पण चुकलं असणार. दोन्हींतून दीड गेला तर फरक तोच राहतो."

"शर्टाला खालची छाती असती व्हय?" आबा म्हणाले. "ते माप माझ्याकडनं कधी शिकलंच न्हाई कुणी. ते तुझ्या आईचं."

खरं होतं. छातीच्या खालचं माप फक्त ब्लाउजला लागतं. ते मी पहिल्या दिवसापासून आईसारखंच घेत होते, सपाट. एकाच अंगावर वरचं माप बापाच्या हातानं आणि खालचं आईच्या. सात महिने असं चाललं आणि मग वरचंही आईच्या हातानं. त्या आठवड्यात असं काय झालं होतं, ते मी खूप आठवून पाहिलं. काही झालं नव्हतं. अकरा ब्लाउज कापायचे होते, एवढंच आठवलं.

दुसऱ्या दिवशी आबा माझ्याबरोबर दवाखान्यात आले. मी म्हटलं नव्हतं. पांढरा सदरा, टोपी आणि काखेत मापाची वही. डॉक्टर मगदूमना पुरावा लागणार, हे त्यांचं त्यांनीच ओळखलं होतं. वहीत औषध सुरू व्हायच्या दोन महिने आधी त्यांनी घेतलेलं माझ्या शेवटच्या शर्टाचं माप होतं. 'छाती ३५, चार बोटं.' टेपनं पाठवलेला पहिला आकडाही पस्तीसच होता.

"अशी चूक आमच्या यादीतच नाही," डॉक्टर म्हणाल्या. त्यांना हसू येत होतं आणि त्या दमलेल्याही होत्या. "थरथर, श्वास रोखणं, टेप तिरकी धरणं, सगळं मशीनला शिकवलंय. शिंपी शिकवला नाही."

त्यांनी पहिल्या सात महिन्यांच्या छातीच्या मापातून दीड इंच वजा केला. रेघेतला तो कडा नाहीसा झाला. रेघ भराभर चढली आणि मग हळूहळू, पण न थांबता, चढतच राहिली. बावीस महिन्यांत अर्धा नाही, दोन इंच. मशीननं थोडा वेळ घेतला आणि निकाल बदलला. चालू. मंद.

"मंद म्हणजे किती?" मी विचारलं.

"पुढच्या तीन वर्षांत अर्धा इंच, फार तर दीड. किंवा पुढच्या महिन्यातही थांबेल. खोटी आशा दाखवणार नाही मी. आणि हेही ऐका. शनिवारची जाळी हवी असेल, तर मी जुना निकाल तसाच ठेवू शकत नाही, पण तुमची लेखी मागणी म्हणून ती पाठवू शकते. मंद वाढीच्या बायकांना तशी सूट आहे. नाही घेतलीत, तर नाव यादीत शेवटी जाईल. आज यादीत शेवटी असलेल्या बाईची पाळी सहा वर्षांनी येणार आहे."

म्हणजे पुन्हा मीच ठरवायचं होतं. पाच वाजेपर्यंत. काल निदान 'बंद' होतं, बंद म्हणजे काम संपलं. आज कळलं की मी वाढत होते, सगळा वेळ वाढत होते, आणि त्याचा आनंद व्हायला हवा तर मला आधी आठवलं ते सोमवार. अजून दीडशे सोमवार. मला खरोखर वाटलं, कुणीतरी दुसऱ्यानं ठरवावं आणि मला फक्त तारीख सांगावी.

बसमध्ये आबांनी वही मांडीवर धरली होती. स्टँडवर उतरल्यावर म्हणाले, "ती जाळी वाईट असती का?"

"नाही. रेवतीला चांगली झाली. ती सुखी आहे."

"आणि हे आपलं आपण वाढतंय, ते?"

"ते माझं आहे," मी म्हटलं. "पण हळू आहे फार, आबा. मी थकले."

"हं," ते म्हणाले. समजूत घातली नाही, याबद्दल मला बरं वाटलं.

दुकान उघडलं तेव्हा साडेचार झाले होते. फोनवर दवाखान्याचा निरोप आला होता, 'शनिवारी जाळी हवी का?', खाली दोन चौकोन, 'हो' आणि 'नाही'. मी तो मशीनवर ठेवला आणि मोरपंखी ब्लाउज हातात घेतला. बाजूची शिवण उसवून बघितली. आत कापडच ठेवलं नव्हतं मी. गिऱ्हाइकाच्या प्रत्येक ब्लाउजला दोन्ही बाजूंनी इंचभर ठेवते, बाई आहे, अंग बदलतं, उद्या सैल करायला लागेल. माझ्या स्वतःच्या पहिल्या ब्लाउजला मी अगदी काठोकाठ शिवण मारली होती. जे आहे तेवढंच, पुढे काही होणार नाही, असं धरून.

आबा वही घेऊन खुर्चीत बसले. आमची वही दोन्हीकडून चालते. पुढून उघडली की जेंट्स, आबांचं अक्षर. उलटी करून मागून उघडली की लेडीज, आईचं अक्षर, आणि गेली सहा वर्षं माझं. आबांनी मागची बाजू कधी उघडलेली मी पाहिली नव्हती. आज त्यांनी वही उलटी केली आणि पहिलं पान काढलं.

"मोरपंखी तर उसवला," ते म्हणाले. "नवा शिवायला पायजे. सांग."

"कुठे लिहिताय?"

"माप सांग की."

"छाती छत्तीस," मी म्हटलं. "खालची बत्तीस. खांदा चौदा. बाही दहा."

ते डोळे वहीपाशी नेऊन सावकाश लिहीत होते. मग पेन थांबलं. "शिवणीत किती ठेवायचं?"

रोज वीसदा विचारतो आम्ही हा प्रश्न एकमेकांना. मी मात्र उसवलेल्या शिवणीवरून अंगठा फिरवत राहिले. आबा वर न बघता थांबून राहिले. त्यांना कुठेच जायचं नव्हतं.

"एक इंच," मी म्हटलं. "दोन्ही बाजूंनी."

त्यांनी लिहिलं. मी फोन उचलला आणि 'नाही' वर बोट ठेवलं. मग त्यांच्या मागे जाऊन वहीत बघितलं. त्या पहिल्या पानावर सगळ्यात वर आईच्या अक्षरात तिचंच माप होतं, आणि गिऱ्हाइकाचं गाव लिहितात त्या जागी तिनं लिहिलं होतं, 'घरचं'. तिच्याखाली इतकी वर्षं अर्धं पान कोरं होतं. तिथे आबांच्या थरथरत्या अक्षरात चार आकडे होते, त्यांच्यापुढे 'शिवणीत १ इंच', आणि वर 'कुमुद'. गावाच्या जागी त्यांनीही 'घरचं' लिहिलं होतं.

मला तेव्हा रडू आलं, काल यायला हवं होतं ते. आबांनी वही बंद केली नाही. कपाट उघडून ते आईच्या साड्यांमध्ये ठेवलेल्या ब्लाउजच्या कापडांवर हात फिरवत राहिले, आणि म्हणाले, "कुमुद, अस्तर आत्ताच भिजत घाल. उद्या सकाळी कापू."